पहिली छऱ्याची रायफल: बेताच्या पैशात, खाऱ्या वाऱ्याच्या गावात

छऱ्याची रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणारी एअर रायफल, कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: मारायचं काय आहे? निम्मे लोक तिथेच गळतात.

बागेत वानर उतरतात म्हणून हवी असेल तर माझ्याकडे येऊ नका. छऱ्याने वानर पडत नाही. जखम घेऊन तो झाडावर जातो आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी परसात चिघळून मरतो. शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. वानर राहू दे, साधा बगळा मारलात तरी अडकाल. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक ही वेगळी गोष्ट, तिचा रस्ता कलेक्टर कचेरीतून जातो. तो रस्ता मी सांगणार नाही.

दुसरे गळतात ते कॉलेजातले. त्यांना सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढणारी, हवी असते. अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. तिथे पहिली स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक म्हणून रुगर १०/२२ घेतात. १९६४ पासून बनते, .२२ चं काडतूस, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन. चांगलीच रायफल आहे, पण ती तिथली. आपल्याकडे काडतुसाच्या कुठल्याही रायफलीला परवाना लागतो, आणि .३०३ किंवा ७.६२ चं लष्करी काडतूस जिच्यात चालतं ती तर ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे मनाई असलेल्या मापाची, ठरते. परवाना मिळाला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं राहू शकतात. आणि खरं सांगू? नेमबाजी शिकायला सेमी-ऑटोमॅटिक कुचकामी. दुसरी गोळी तयार आहे म्हटलं की पहिली निष्काळजीपणे सुटते. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत एका वेळी एकच छर्रा भरायचा, असा नियम आहे. शिकताना तोच नियम घरी लावा.

उरले ते, ज्यांना कागदावरचा काळा गोल फोडायचाय. हे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी. मी शाळेत पीटी शिकवली, एनसीसीत .२२ खांद्याला लावली, आणि निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याजवळ आमच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, गावातल्या मुलांना नेम धरायला शिकवते. माझं मत एका वाक्यात हवं असेल तर: रायफल कमी ताकदीची, चाप चांगला, आणि निम्मे नाही तरी तिसरा हिस्सा पैसे रायफलीच्या बाहेर ठेवा.

कायदा आधी आटपूया. बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, .१७७ इंचापर्यंत, म्हणजे ४.५ मिमी, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलपर्यंत, अशा एअर रायफलीला परवाना लागत नाही. यातलं एक जरी वर गेलं तरी परवाना लागतो. म्हणून .२२ बोअरची एअर रायफल ‘जरा जास्त दमदार आहे, घ्या’ म्हणून कुणी पुढे केली तर नको म्हणा. खोक्यावर मोठमोठे वेग छापलेले असतात, त्यांना भुलू नका. ते आकडे बहुधा हलक्या छऱ्याचे असतात. साधा ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरने गेला की २० जूल झाले. स्पर्धेच्या रायफली १७०-१७५ मीटरच्या आसपासच चालतात, म्हणजे जेमतेम आठ जूल. ऑलिम्पिकला जे पुरतं ते तुमच्या मांगराला पुरेल. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल, द्या. बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. रायफल घेऊन एसटीने जाताना कुणी विचारलं तर तेच दाखवायचंय. पिशवीत घालून न्या, खांद्यावर मिरवत नको.

आता पैसे. समजा हातात पंधरा हजार आहेत. पंधरा हजारांची रायफल घेऊ नका, नऊ-दहाची घ्या. उरलेल्यात छरे, डोळ्यांचा चष्मा, टार्गेटमागे छरे अडवणारी पेटी, तेल आणि कागदी टार्गेट्स. ही रक्कम बाजूला काढली नाही तर काय होतं ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय: गणपतीत रायफल येते, दिवाळीत छऱ्यांची डबी संपते, आणि पुढच्या मेपर्यंत ती कपाटावर गंजत पडते.

हवा कुठून येते

स्वस्तात मिळते ती स्प्रिंगवाली. बहुतेक वेळा नळी मोडून भरायची, दुकानात हिला ब्रेक बॅरल म्हणतात. नळी खाली दाबली की आतला जाड स्प्रिंग आवळतो. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलतो, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला हाकलते. सिलिंडर नको, पंप नको, गॅस नको. वीस वर्षं चालते, आणि बिघडली तर स्प्रिंग व सील बदलून पुन्हा उभी राहते. पहिली रायफल हीच असावी असं माझं म्हणणं.

पण हिची एक खोड आहे, ती माहीत नसली की मूल रडकुंडीला येतं. छर्रा अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात दट्ट्या पुढे जाऊन आपटतो. रायफल आधी मागे हलते, मग पुढे. घट्ट आवळून धरली तर प्रत्येक वेळी वेगळी उसळते आणि छरे कागदभर पसरतात. म्हणून पुढचा हात उघडा, तळव्यावर रायफल नुसती ठेवायची, तिला हवी तशी हलू द्यायची, आणि चाप सुटल्यावरही क्षणभर नेमातच राहायचं. एकदा हे जमलं की पुढे कुठलीही रायफल जड जात नाही.

याच कारणाने ताकदीची स्प्रिंग रायफल नको. ती जास्त उसळते. भरायलाही पंधरा-वीस किलोचा जोर लागतो. बारा वर्षांची पोर ती चार वेळा भरेल, पाचव्यांदा दंड थरथरायला लागेल आणि नेम संपला. दुकानात मुलालाच भरायला लावा, बापाला नाही. सलग दहा वेळा. चेहरा बघा. आणि छर्रा ठेवताना दुसऱ्या हाताने नळी पक्की धरलीच पाहिजे. सुटली तर ती झटक्यात वर येते आणि अंगठा सापडतो. छर्रा न घालता रिकामी मात्र वाजवू नका. पुढे हवेची उशी नसली की दट्ट्या थेट धातूवर आपटतो. दुकानदार स्वतःच रिकामी वाजवून ‘बघा कसा आवाज’ म्हणाला तर ती रायफल सोडून दुसरी मागा.

दुसरी जात पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवायची रायफल. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारपर्यंत दाबलेली हवा. उसळत नाही, चाप लोण्यासारखा, आजच्या जवळपास सगळ्या स्पर्धा हिच्यावरच होतात. पण हवा भरायची कशाने? हातपंपाने भरताना घामाच्या धारा लागतात. मालवण-तारकर्लीला स्कुबावाल्यांच्या टाक्या तेवढ्याच दाबाच्या असतात, ओळख असेल आणि योग्य अडॅप्टर असेल तर तिथे सोय होऊ शकते. बंदरावरच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरने मात्र कधीही, कुणी फुकट दिला तरी, भरू नका. तेलाचा अंश आणि दाबलेला ऑक्सिजन एकत्र आला की स्फोट होतो. हे मी प्रत्येक पालकाला समोर बसवून सांगते, कारण आमच्याकडे हा सिलिंडर प्रत्येक जेटीवर उभा असतो. सीओटू गॅसच्या रायफली मी नाही सुचवत. उन्हात दाब वाढतो, गार सकाळी कमी होतो, आणि गॅसच्या कुप्या तालुक्याला मिळत नाहीत.

हातात घेतल्यावर काय बघायचं

लांबी बघा. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा, तर्जनी चापापर्यंत आरामात पोचली पाहिजे. मोठ्यांच्या मापाची रायफल लहान मूल पाठीतून वाकून धरतं, आणि ती सवय पुढे मोडत नाही. काही दस्त्यांना मागे सुट्टे तुकडे लावून लांबी कमी-जास्त करता येते. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, मूल वाढतंय.

चाप बघा, आणि इथे वेळ घ्या. छर्रा भरून, सुरक्षित जागी, हळूहळू ओढा. पहिला टप्पा मोकळा यावा, मग एक स्पष्ट अडणं जाणवावं, आणि तिथून थोड्या दाबाने सुटावा. जो चाप रखडत, खरखरत येतो आणि कधी सुटेल ते कळत नाही, तो मुलाला धक्का द्यायला शिकवतो. स्वस्त रायफलीत चाप सगळ्यांत आधी मार खातो. कंपनीचं नाव, लाकडाचा रंग, पाठीवरची नक्षी या सगळ्यांवर पाणी सोडा, पण चापावर नको. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचे चापही वेगळे लागतात, म्हणून दुकानात असतील तेवढ्या सगळ्या काढायला सांगा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

दुर्बीण घेऊ नका. फुकट जोडून दिली तर काढून ठेवा. स्प्रिंग रायफलीचा धक्का दोन्ही दिशांनी बसतो, त्यात स्वस्त दुर्बिणीच्या काचा आणि तारा हलतात आणि नेम रोज नवीन होतो. शिवाय १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. सुरुवातीला मागची खाच आणि पुढची माशी पुरे. रायफलीच्या पाठीवर ११ मिमीची खोबण आहे का ते तेवढं बघून घ्या, म्हणजे पुढे मागे बारीक छिद्राची नेमपट्टी, डायऑप्टर, बसवता येईल.

जुनी घ्यायची का? घ्या, आणि डोळे उघडे ठेवून घ्या. वापरलेली स्प्रिंग रायफल घेताना नळी मोडून सांध्यात डावी-उजवी हलते का बघा. हलत असेल तर नको, नेम कायमचा गेला. नळीच्या आत उजेड धरून गंजाचे खड्डे बघा. स्प्रिंग किंवा सील गेलेली असेल तर ते कारण दाखवून किंमत पाडा, कारण ते बदलता येतं. मुलगा खरंच रमला आणि जिल्हा-राज्य स्पर्धांचं बोलणं सुरू झालं, तर स्पर्धेची परदेशी रायफल नवी घ्यायची म्हणजे लाखांचा हिशेब. तिथे जुनीच बघावी लागते. फाइनवेर्कबाऊची ३००एस ही जुनी, बाजूच्या दांड्याने भरायची स्प्रिंग रायफल. आतलं यंत्र रुळावर मागे सरकतं, म्हणून धक्का जवळपास जाणवत नाही. सिलिंडर नसल्यामुळे आमच्यासारख्या गावात ती सोयीची. वापरलेली पीसीपी असेल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत आणला तर जबाबदारी खेळाडूची, आणि घरी वापरला तर तुमच्या डोळ्यांची.

घेण्याआधी एकदा क्लबची रायफल चालवून बघणं केव्हाही चांगलं. रायगडकडच्या लोकांना पनवेल जवळ, तिथे नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना घाट चढून कोल्हापूर बरं. त्या जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाज आल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. ते ५० मीटर थ्री पोझिशनचं, .२२ वरचं, ४५१.४ गुणांचं. पण खांदा, श्वास आणि चाप, या तीन गोष्टींचा अभ्यास छऱ्याच्या रायफलीवर तोच होतो.

छऱ्यांबद्दल थोडक्यात. सपाट तोंडाचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना भांडण होत नाही. टोकदार छरे कागदाच्या खेळात काही कामाचे नाहीत. दोन-तीन कंपन्यांच्या लहान डब्या आणा, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवरून प्रत्येकीचे पाच-पाच छरे मारा. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर ती डबी तुमची. मग तीच घेत राहा, चार रुपये स्वस्त मिळतेय म्हणून बदलू नका. छर्रा शिशाचा असतो. हात धुतल्याशिवाय लाडूला हात लावू द्यायचा नाही, आणि तोंडात छरे धरून भरणारी पोरं असतात, त्यांना पहिल्याच दिवशी बाहेर काढा.

मांगर, शाडू आणि पाऊस

जागा बारा-तेरा मीटर लांब हवी, बंद हवी, आणि टार्गेटच्या मागून कुणी येण्याची वाट नको. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. काळा गोल ३०.५ मिमीचा, आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा त्यावर चांगला दिवा सोडा. जांभ्याच्या भिंतीवर थेट मारू नका. छर्रा चिऱ्यावरून कसाही परततो आणि भिंतही फुटते. मी फळ्यांची उथळ पेटी केली, तिच्यात जुनी लुगडी आणि गोणपाट ठासून भरलं, मागे चार मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वरून पुढे झुकवून लावला, म्हणजे छर्रा खाली पडतो. गणपतीच्या कारखान्यातला उरलेला शाडूही चालतो, छर्रा त्यात रुतून बसतो. पण उन्हाळ्यात वाळून तडकतो, वरून ओलं फडकं टाकावं लागतं. चष्मा मारणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. छर्रा दोनशे मीटरच्या पलीकडे सहज जातो, म्हणून अंगणात, माडाच्या बागेत, समुद्राकडे तोंड करून, हे सगळे प्रकार बंद. एकदा शेजारचा मुलगा विचारत होता, "बाई, ह्येची गोळी खय पर्यंत जाता?" मी म्हटलं, तुझ्या आयेच्या कपाळापर्यंत. त्याने पुन्हा अंगणाचं नाव काढलं नाही.

गंज हा आपल्याकडचा खरा शत्रू. पुण्याच्या माणसाने लिहिलेला सल्ला इथे चालत नाही. तो महिन्यातून एकदा पुसतो. इथे रोज पुसावी लागते. घामाचा हात नळीला लागला आणि वर खारं वारं, दोन दिवसांत बोटांचे ठसे तांबडे उमटतात. सराव संपला की सुती फडक्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन बाहेरचा सगळा धातू पुसायचा, आणि मग नळीला हात न लावता ठेवायची. तेल बाहेरच. दट्ट्याच्या घरात तेल गेलं तर हवा दाबताना ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, पोरं खूश होतात आणि सील जळते.

खोबरेल नको. घरात तेच असतं म्हणून प्रत्येकजण तेच लावतो. पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते थिजतं, म्हणजे जानेवारीच्या सकाळी सांधे जड. काही महिन्यांनी खवट होऊन चिकट राप धरतं, त्यात धूळ बसते, आणि ते खरवडून काढताना नळीचा काळा मुलामाही जातो.

रायफलीबरोबर आलेली स्पंजची मऊ पेटी प्रवासापुरती. जूनमध्ये त्या स्पंजने ओल पकडली की ऑक्टोबरपर्यंत सोडत नाही, आणि आतली रायफल जिथे जिथे स्पंजला टेकते तिथे तिथे गंजते. पावसाळ्यात कपाटात उघडी ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब, आडवी, स्प्रिंग सुटलेल्या स्थितीत. आवळलेल्या स्प्रिंगवर ठेवली तर स्प्रिंग बसतो. कपाटात तळाला पंधरा वॅटचा जुना पिवळा दिवा, कपड्यांपासून दूर, पाऊस लागून राहिला की संध्याकाळी तासभर. एलईडी नको, तो तापत नाही. सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुडी ठेवलीत तर ते गुलाबी झाले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा. हा तवा पोळ्यांचा नको, वेगळा ठेवा. लाकडी दस्त्यावर पांढरी बुरशी येतेच, घाबरू नका. कोरड्या फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा हलका हात द्या. प्लॅस्टिकचा दस्ता दिसायला दरिद्री, पण या हवेत तो सुखाचा, आणि पैसे कमी असतील तर मी तोच घ्यायला सांगते.

पावसाळ्यातही सराव बंद करू नका. आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून दहा छरे मारा, म्हणजे पुसणंही होतं.

छऱ्यांची डबी रायफलीच्या कपाटात नाही, दुसऱ्या खोलीत. आणि चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरतं, दहा घरची दहा पोरं माळ्यापर्यंत सगळं उघडून बघतात. त्या दिवसांत कपाटाची किल्ली खुंटीवरच्या जुडग्यात ठेवू नका, पर्समध्ये नको, कमरेला ठेवा.